एका फणसाचे पाच भारद्वाज

भाचीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "मावशी, सध्या कोणता पक्षी चाललाय?" आणि लगेच दुसरा, "आणि कसला?" हा 'कसला' म्हणजे कोणत्या लाकडाचा. तिला सांगून झालं, दिवाळीला घरी आलेल्यांना सांगून झालं, तरी विचारणारे विचारतातच. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. चाळीस पोरांना एकदम सांगायची सवय, एकेकाला सांगणं जिवावर येतं हो!

माझे पक्षी छोटे. तीन-चार इंचाचे, मुठीत मावतील एवढे. टीव्हीशेजारी, पुस्तकांच्या फळीवर, कुठेही बसतात. हत्यारं म्हणाल तर एक आखूड पात्याचा चाकू, दोन बारीक पटाश्या, एक कानस, एक लहान करवत आणि पॉलिश पेपरचे तीन नंबर. डाव्या अंगठ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळते, कारण चाकू निसटला की तो तिथेच येतो. यंत्र एकही नाही. मुलाने हौसेने विजेवर फिरणारं एक छोटं यंत्र आणून दिलं होतं. त्याचा आवाज थेट दाताच्या दवाखान्यातला. ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, कुणाला हवं असल्यास घेऊन जावं.

हे शिकले कुठे? मी शाळेत मराठी शिकवायची. पण कार्यानुभवाचा तास ज्याच्या वेळापत्रकात जागा असेल त्याच्या गळ्यात पडायचा, तसा एका वर्षी माझ्या पडला. कागदाची फुलं करून करून मुलंही कंटाळली आणि मीही. त्या दिवसांत बाकं दुरुस्त करायला एक सुतारकाका यायचे. त्यांनी उरलेल्या तुकड्यांवर मुलांना चार गोष्टी दाखवल्या, आणि मुलांपेक्षा मीच जास्त रमले. "बाई, हात कापतं ते बोथट हत्यार, धारदार नव्हे," हे त्यांचं वाक्य. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. निवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा मी पहिल्यांदा धार लावायचा दगड विकत घेतला, चाकू नंतर.

आता लाकडं.

सुरुवात कुणाला करायची असेल तर शिवण शोधा. फिकट पिवळसर, हलकं, आणि सुकल्यावर फारसं वाकत-पिळत नाही. चाकूला अडवत नाही आणि उगाच वाहवतही नाही. चांगल्या स्वभावाची वर्गमॉनिटर असते ना, तसं. माझे पहिले दहा-बारा बुलबुल आणि चिमण्या शिवणीच्याच. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये वखारीच्या दाराशी फेकलेले तुकडे निवडत मी उभी राहायची तेव्हा तिथल्या माणसांना वाटायचं, आजीबाईंना बंबासाठी लाकडं हवीत. (बंब आता कुणाकडे आहे, पण असो.) पुढे ओळख झाली आणि तेच तुकडे बाजूला काढून ठेवू लागले.

सागवान सगळ्यांना श्रेष्ठ वाटतं, कारण ते दारा-खिडक्यांना आणि पलंगांना श्रेष्ठ आहे. माझ्या कामाला मात्र ते तितकंसं मानवत नाही. सागाच्या लाकडात वाळूसारखे कण असतात, ते पात्याची धार खातात. एक साळुंकी करताना तीन वेळा दगडावर बसावं लागतं. शिवाय रेषा ठसठशीत, त्यामुळे बारीक चोच करायला गेलं की नेमकी रेषेवर कपची उडते. वास मात्र छान, तेलकट, जुन्या वाड्यात शिरल्यासारखा.

आंब्याचं लाकूड कुठेही मिळतं. त्याला कीड फार लवकर लागते. माझा आंब्याचा एक कावळा दोन पावसाळ्यांत आतून पोखरला गेला. खाली पिठासारखी भुकटी दिसली म्हणून उचलला, तर वजनच नाही! कडुनिंबाला ही भीती नाही, पण त्याच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या. एका बाजूने तासलं तर गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. आणि बाभूळ. बैलगाडीच्या चाकाला आणि नांगराला जे लाकूड लागायचं ते चाकूने कोरायचं म्हणजे दगड कोरण्यासारखंच. बाभळीची एकच टिटवी केली आहे. मनगट आठवडाभर दुखत होतं, पण तिच्यासारखी चकाकी दुसऱ्या कुणाला आलेली नाही.

पांगाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो झाड म्हणूनही माझा लाडका. फाल्गुनाच्या सुमाराला अंगावर पान नसतं आणि लाल फुलं मात्र पेटलेली, त्यावर कावळे, मैना, बुलबुल सगळ्यांची पंगत. लाकूड इतकं हलकं आणि मऊ की जरा धार कमी असली तर कापलं न जाता चेपतं. सावंतवाडीच्या चितारआळीत जी लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, त्यांना परंपरेने हेच लाकूड वापरत आले. तिथे वरून जाड, झळझळीत रंग असतो, त्यामुळे लाकूड दिसायला साधं असलं तरी चालतं. मी रंग लावत नाही, म्हणून माझा पांगाऱ्याचा तांबट अगदीच गरीब दिसतो. तरी मी तो ठेवला आहे, कारण तांबट मऊ लाकडाच्या फांदीलाच भोक पाडून घर करतो. म्हटलं, राहू दे त्याला त्याच्या मऊ लाकडात.

रंगावरून नातीशी माझा कायमचा वाद. "आजी, खंड्या निळा नसेल तर तो खंड्या कसा?" मी म्हणते, चोचीवरून ओळख. डोकं मोठं, चोच लांब, शेपूट आखूड. रंग लावला की लाकूड कोणतंही चालतं, मग एवढ्या लाकडांमागे मी कशाला फिरू? दाभण तापवून डोळ्याच्या जागी टेकवते, तेवढाच काळा ठिपका. वर जवसाचं तेल आणि थोडं मेण. बस्स. नात अजून पटवून घेत नाही, आणि वयाच्या मानाने तिचा मुद्दा चुकीचाही नाही.

मराठी शिकवलेल्या बाईला गंमत वाटावी असं एक लाकूड म्हणजे काळा कुडा. नाव काळा, लाकूड जवळजवळ हस्तिदंती पांढरं! बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी प्रसिद्ध आहेत, ती ह्याच झाडाच्या लाकडाची. तसंच आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्यांचं एक ठरलेलं हलकं लाकूड आहे, त्याला तिकडे 'तेल्ला पोनिकी' म्हणतात. म्हणजे खेळणी करणाऱ्या प्रत्येक गावाने आपापल्या रानातलं एक झाड शोधून ठेवलं आहे. माझा काळ्या कुड्याचा बगळा बघून लोक विचारतात, पांढरा रंग कोणता वापरला?

नावांसाठी माझा आधार मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश'. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये ते गेले. एकाच पक्ष्याला चार जिल्ह्यांत चार नावं कशी, हे वाचत बसायचं आणि समोरचा तुकडा तसाच राहायचा, असे माझे कितीतरी दिवस गेले आहेत.

आणि हेद, म्हणजे हळदू. ताजं कापलं की नावाप्रमाणे हळदीचा रंग. एका ओळखीच्यांनी कोकणातून तुकडा आणून दिला, तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही, हळद्याच करायचा. झालाही सुरेख. पण दोन वर्षांत तो तांबूस-तपकिरी झाला. आता माझ्याकडे तपकिरी हळद्या आहे! तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं की काही लाकडं आपण कोरली तेव्हाच्या रंगात राहत नाहीत. आपण देतो एक पक्षी आणि घेणाऱ्याच्या घरी हळूहळू दुसराच होतो.

हे सगळं सांगितलं ते फणसापर्यंत येण्यासाठी.

वाचणाऱ्यांत आमच्याच घरातली चार-सहा माणसं आहेत. त्यांना पुढचं माहीत आहे. मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, तेव्हा फोन करू नयेत.

माझं माहेर लांजा तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. पुढच्या अंगणाच्या कडेला, गडग्याला टेकून एक कापा फणस होता. आजोबांच्या हातचा म्हणत. आम्ही पाच भावंडं, दादा, आम्ही तिघी आणि सगळ्यात शेवटी धाकटा. धाकट्याची जागा त्या फणसाच्या बेचक्यात. तिथे चढून बसला की आईने हाक मारली तरी उतरायचा नाही. गडग्याखालच्या झुडपात एक भारद्वाज असायचा, आमच्याकडे त्याला कुंभारकावळा म्हणायचे. तो घुमल्यासारखा 'कूप कूप कूप' करायचा आणि धाकटा वरून त्याला तसंच उत्तर द्यायचा. इतकं हुबेहूब की पक्षी परत बोलायचा. एकदा आमचे मास्तर रस्त्याने जाताना थांबून वर बघत राहिले होते.

रस्ता चौपदरी होणार हे बरीच वर्षं ऐकत होतो. मग मोजणी झाली, खुणा झाल्या, नोटिसा आल्या. पुढचं अंगण, गडगा, पडवीचा एक भाग आणि फणस, सगळं आखणीत गेलं. २०१८ साली झाड पाडलं. मी तेव्हा तिथे नव्हते. दादा म्हणाला, सकाळी यंत्राचा आवाज आला आणि चहा होईतो झाड आडवं. बुंधा त्यांनी नेला. दादाने गड्याला सांगून एका फांदीचे तीन ओंडके मागच्या खोपीत टाकून ठेवले. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मोबदल्यावरून जे झालं ते सगळ्या रस्त्यावर घरोघरी झालं असेल. झाडाचे किती, बांधकामाचे किती, गावात राहून घर सांभाळणाऱ्याचे किती आणि मुंबईला जाऊन पैसे पाठवणाऱ्याचे किती. सातबाऱ्यावर आम्हा बहिणींचीही नावं. धाकटा एक कागद घेऊन पुण्याला माझ्याकडे आला, सही कर म्हणाला. मी म्हटलं, दादा आणि तू माझ्यासमोर एकत्र बसा, मग कुठेही सांगा, करते. एकाच्या कागदावर दुसऱ्याच्या पाठीमागे मी सही करणार नाही. तो चहा न घेता गेला. पुढे कायद्याने ज्याचं त्याला मिळालं, पण दोघांचं बोलणं थांबलं ते थांबलंच, आणि माझ्याशीही. मी तेव्हा म्हटलं ते आजही म्हणेन. एवढंच की तो चहा तसाच ओट्यावर राहिला होता, त्याच्यावर साय धरलेली मला अजून दिसते.

ते तीन ओंडके मी २०१९ च्या मे महिन्यात गाडीच्या डिकीतून पुण्याला आणले. ओलं लाकूड घाईने कोरलं तर तडकतं. साधारण एक इंच जाडीला एक वर्ष, असा हिशेब धरतात. फळ्या काढून घेतल्या, दोन्ही टोकांना मेण लावलं, कारण पाणी टोकांतून पटकन उडतं आणि तिथूनच चिरा पडतात. पलंगाखाली विटांवर रचून ठेवल्या. मग २०२० चा लॉकडाऊन आला. बाहेर जायचं नाही, वखार बंद, आणि पलंगाखाली फणस तयार!

ताजा फणस आतून पिवळाधमक असतो. चाकूखालून निघणारी साल बघून वाटतं गऱ्याचाच पापुद्रा निघतोय. ह्याच गाभ्याच्या रंगाने श्रीलंका-म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवत. आपल्याकडे त्याचे पाट, देव्हारे, दारं. कोरायला मध्यम, थोडा हट्टी, पण कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

पाच करायचे हे ठरलेलं होतं आणि कोणता पक्षी हेही. भारद्वाज सोपा नाही. शेपूट लांब आणि रुंद, चोच जाड आणि खाली वळलेली, अंग थोडं पुढे झुकलेलं. तो उडण्यापेक्षा चालतो जास्त, जणू तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी. शेपूट लाकडाच्या रेषेत आली नाही तर पहिल्याच पुसण्यात मोडणार. शेपूट रेषेत घेतली की चोचीचं टोक आडव्या रेषेत जातं. म्हणून चोच थोडी जाडच ठेवली आणि मान किंचित वळवली. पाय मी कोरतच नाही, पक्षी सरळ बैठकीवर टेकवते. पाचही एकसारखे झाले नाहीत. एकाच्या पंखावर गाठ आली, ती मी काढली नाही. फांदीच्या बेचक्याजवळचा तुकडा होता, तिथे रेषा वळून गाठीभोवती फिरल्या होत्या. तो धाकट्याचा ठरवला. त्याला सर्वांत जास्त दिवस लागले.

२०२१ मध्ये कुरियर सुरळीत झाल्यावर चार खोकी पाठवली. पाचवा माझा. आत चिठ्ठीत एवढंच, 'आपल्या फणसाचा.' दादाचा त्याच दिवशी फोन आला. बोलला कमी, नाक जास्त ओढत होता. दोघी बहिणींनी फोटो पाठवले. धाकट्याकडून सुनेचा मेसेज आला, 'आत्या, पार्सल मिळालं.' बस्स.

आता फणसाची गंमत अशी की तोही हळदूसारखा बदलतो. पिवळ्याचा सोनेरी, मग मधासारखा, मग गडद तपकिरी. भारद्वाजाचे पंख विटकरी-तपकिरी असतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे बरंच झालं, रंग न लावता रंग आला. पण हा बदल उजेडाने आणि हवेने होतो. मी उरलेल्या फळीचे दोन तुकडे घेतले. एक स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, दुसरा कापडात गुंडाळून शिवणाच्या डब्यात. (विज्ञानाच्या बाई शेजारच्या वर्गात असायच्या, त्यांचा गुण लागला असेल.) वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवले तर कुणी म्हणणार नाही की एकाच फळीचे आहेत. खिडकीतला चहासारखा, डब्यातला जेमतेम सोनेरी.

त्यानंतर मला एक सवय लागली. कुणाकडे गेले की आधी भारद्वाज बघते. थोरल्या बहिणीचा खिडकीत असतो, चांगला मुरला आहे. मधलीने काचेच्या कपाटात चांदीच्या भांड्यांमागे ठेवलाय, तो अजून पिवळटच. तिला म्हटलं, अगं बाहेर ठेव त्याला. ती म्हणाली, बाई ठेवते पण धूळ कोण पुसणार! दादाचा टीव्हीवर आहे, त्याच्या शेपटीवर नातवाने दात उमटवले आहेत.

धाकट्याकडे जाणं नाही. त्याची सून मात्र अधूनमधून फोटो पाठवते, सणाचे, वाढदिवसाचे. घरातल्यांच्या ग्रुपवर नाही, मला एकटीला. मुलगी गुणाची आहे. यंदा त्याची सत्तरी झाली, त्याचे आले. केक, टोपी, आणि धाकटा कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडेच बघतोय, लहानपणापासून तसाच. मागे खिडकीपाशी फळी आहे, तिच्यावर घड्याळ, औषधाच्या बाटल्या आणि त्यांच्या मधे काहीतरी लांब शेपटीचं.

नातीकडून फोटो मोठा करून घेतला. मोबाइलमधल्या रंगावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीही जाणता. शिवाय संध्याकाळची वेळ, दिवे लावलेले. नात म्हणाली, "आजी, धूसर झालंय, पक्षी आहे एवढंच कळतंय." मी माझा भारद्वाज आणून मोबाइलशेजारी धरला. चष्मा पुसला. पंखावरची गाठ काही दिसली नाही, तेवढा फोटो स्पष्ट नव्हता.

पण पिवळा नव्हता. माझ्यापेक्षाही एक छटा गडदच होता.